पिंजरा नव्हे, दिवसाची वीज

जुन्नर तालुक्यात बिबट्याने माणूस मारला की एकच मागणी उठते : पिंजरा लावा, त्याला दूर नेऊन सोडा. ज्या घरातले माणूस गेले त्या घराचा आक्रोश खरा आहे. त्याला निसर्गप्रेमाची प्रवचने ऐकवणे निर्दयपणाचे ठरेल. परंतु मागणी मात्र चुकीची आहे. २००१ ते २००३ या काळात बिबटे पकडून अन्यत्र सोडण्यात आले. हल्ले घटले नाहीत. वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. परक्या मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो आणि त्याच्या रिकाम्या जागी दुसरा येतो.

कुकडीच्या पाण्यावर ऊस वाढला. उसाने बिबट्याला आडोसा दिला, गावच्या कुत्र्या-डुकरांनी अन्न. दिवसा तो दडून राहतो, रात्री फिरतो. नेमक्या त्याच वेळी पिकाला पाणी द्यायला शेतकऱ्याला रानात जावे लागते, कारण त्याच्या वाट्याला रात्रीच्या पाळीची वीज येते. ऊसतोडणी कामगाराचे मूल उघड्यावर निजते, कारण त्याच्या कोपीला दार नसते. भिंतीआड निजणाऱ्याला हे भय थोडेच.

म्हणून प्रश्न जंगलखात्यापुरता नाही. सर्व शेतीपंपांना दिवसा वीज, तोडणी कामगारांना कारखान्याच्या खर्चाने बंदिस्त निवारा व शौचालय, या मागण्या घेऊन साथींनी हंगामापूर्वीच कारखान्यांच्या दारी उभे राहिले पाहिजे. सरकारला पिंजरा स्वस्त पडतो; म्हणूनच तो लगेच मिळतो.