एका विजयाचे मोल

सतत हरणारा संघ एखादा सामना जिंकला, की त्याच्या चाहत्यांत दोन मते उमटतात. काहींना सुदिन आल्यासारखे वाटते, तर काही जण त्या विजयाला योगायोग ठरवतात. हे दोन्ही निवाडे घाईचे होत.

राजस्थानच्या क्रिकेट संघाचे उदाहरण पाहावे. १९६१ ते १९७४ या काळात हा संघ रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत आठ वेळा पोहोचला आणि आठही वेळा हरला. पुढे तो दुय्यम मानल्या जाणाऱ्या ‘प्लेट’ गटात गेला. नोव्हेंबर २०१० मध्ये जयपूर येथे त्याने हैदराबादचा डाव अवघ्या २१ धावांत संपवला. प्रथम श्रेणीचा पहिलाच सामना खेळणाऱ्या दीपक चहर याने १० धावांत ८ बळी घेतले.

संघ या विक्रमावर समाधान मानून थांबला नाही. पुण्याच्या हृषीकेश कानिटकर यांच्या नेतृत्वाखाली त्याने मुंबई व तमिळनाडू या बलाढ्य संघांना मागे टाकले आणि जानेवारी २०११ मध्ये बडोद्याविरुद्ध करंडक जिंकला. पुढील वर्षी तो राखलाही.

यामागे परिश्रम होते, तसाच एक नियमही होता. प्लेट गटातील उत्तम संघांना बाद फेरीचे दार खुले होते. ते बंद असते, तर २१ धावांचा तो पराक्रम केवळ नोंदवहीत उरला असता.

म्हणून मागे पडलेल्यांचे नुसते कौतुक पुरेसे नाही. त्यांना पुढची संधी मिळाली पाहिजे. चाहत्यांनीही विजयाचा आनंद जरूर मानावा. निवाडा मात्र राखून ठेवावा.