शिकारीतली मजा, बंदुकीशिवाय

सानपाड्याहून पनवेल लोकल पकडली की पाचवं स्टेशन खारघर. तिथे टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे. सकाळच्या गाडीत तोंडाला मास्क लावून, रिपोर्टची फाइल मांडीवर घेऊन बसलेली तुमच्याच वयाची मुलं-मुली तुम्ही पाहिली असतील. त्यांच्यातले बरेच जण बरे होतात. मग घरी येतात आणि दुसरी परीक्षा सुरू होते. 'ऊन आहे, जाऊ नकोस.' 'ट्रेकबिक तुझ्यासाठी नाही, बाळा.' आजार जातो, पण पेशंटपण काही केल्या सुटत नाही.

अमेरिकेत काही तरुण सर्व्हायव्हर्सनी यावर शोधलेलं उत्तर ऐकून आपण दचकतो. ते उत्तर म्हणजे शिकार. गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या 'मेक-अ-विश' संस्थेने 1996 मध्ये ब्रेन ट्यूमर असलेल्या एका मुलाला अलास्कात अस्वलाच्या शिकारीला पाठवलं, तेव्हा प्राणिप्रेमी संघटनांनी गदारोळ केला. पुढे संस्थेने बंदुकीशी संबंधित इच्छा घेणंच थांबवलं. त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या टीना पॅटिसन यांच्या कॅन्सरग्रस्त मुलाला मूस या मोठ्या हरणाची शिकार करायची होती. कॅनडातल्या नॉर्डेग नावाच्या लहानशा गावाने त्याला बोलावून घेतलं. नंतर मुलगा गेला, पण आईने 'हंट ऑफ अ लाइफटाइम' ही संस्था उभी केली. अशा मुलांना ती शिकारीला आणि मासेमारीला पाठवते.

प्राणी मारण्यात आनंद कसला, असं तुम्ही विचाराल. मलाही तोच प्रश्न पडतो. पण शिकारीचा मोठा भाग गोळी सुटण्याच्या आधीचा असतो, हेही खरं. अंधारात उठायचं, वाऱ्याची दिशा बघायची, पायाखालची काटकी मोडू द्यायची नाही, तासन् तास गप्प बसायचं. तिथे कुणी तुम्हाला 'काउंट किती आले?' असं विचारत नाही. वर्षभर सुया, स्कॅन आणि सलाइनच्या ताब्यात असलेलं शरीर पुन्हा आपलं ऐकू लागतं. ही मुलं खरं तर तेच शोधत असतात.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली. कायद्यातली शिकारीची व्याख्याही मोठी आहे. सापळा लावणं तर सोडाच, जंगली पक्ष्याचं घरटं विस्कटणंही त्यात येतं. ही बंदी योग्यच आहे. मग गोळीच्या आधीची ती सगळी मजा आपल्या पोरांना कुठे मिळणार?

डॉ. सलीम अली यांची गोष्ट आठवा. मुंबईत लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पुढे आयुष्यभर पक्ष्यांच्या मागे फिरले. सुरुवात शिकारीने झाली, पण शेवटपर्यंत टिकली ती उत्सुकता.

ती उत्सुकता सानपाड्यात पाम बीच रोडच्या पलीकडे सुरू होते. तिवरांच्या मागे ठाण्याची खाडी आहे. तिचा एक भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये खाडी रामसर यादीत आली. इथे पक्षी बघायचे तर शिकाऱ्याचंच डोकं लागतं. भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि फ्लेमिंगो नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे सरकतात. म्हणजे आधी भरतीची वेळ पाहा. गावातल्या आगरी-कोळी काकांना विचारलंत तर ते तिथीवरून सांगतील की आज उधाण आहे की भांग. जरा लांब जायचं असेल तर पनवेलच्या पुढे कर्नाळा आहे. सोबत दुर्बीण, पाणी आणि टोपी घेतली की झालं.

घरच्यांची भीती खोटी नसते. ट्रीटमेंट चालू असताना पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा चिखल आणि गर्दी टाळावीच लागते. काही औषधांचा परिणाम हृदयावर किंवा हाडांवर उशिराही दिसतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोंगर चढू नका. पण एकदा विचारा तरी! 2019 मध्ये जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशी सांगतात की आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास मध्यम व्यायाम केला तर कॅन्सरनंतरचा थकवा, चिंता आणि उदासी कमी व्हायला मदत होते. खाडीकाठी भरभर चाललात तरी तेवढा व्यायाम सहज होतो.

आपल्याकडे कामही सुरू आहे. टाटा मेमोरियलमध्ये लहानपणी कॅन्सर झालेल्यांसाठी ट्रीटमेंटनंतरचं क्लिनिक 1991 पासून चालतं. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा तरुण सर्व्हायव्हर्सचा गट आहे. मॉस्कोत अशा मुलांसाठी 'विनर्स गेम्स' होतात, त्यात रायफल नेमबाजीसुद्धा असते. भारतातली मुलंही तिथे खेळून आली आहेत. नेम धरायचा, पण जीव घ्यायचा नाही!

तरी आपल्याला बातमी आवडते ती मेडलची. कॅन्सर म्हटलं की युवराज सिंगचं 2012 मधलं पुनरागमन आठवतं. प्रत्येकाला मैदान गाजवायचं नसतं. कुणाला नुसतं पहाटे साडेपाचला, कुणीही 'जप हं' न म्हणता, घराबाहेर पडायचं असतं. ही गरज कुठल्याही डिस्चार्ज कार्डवर लिहिलेली नसते.

आणि ती भागवणारी जागाही कायम राहील असं समजू नका. 2024 मध्ये नेरूळच्या तलावात भरतीचं पाणी येणं अडलं आणि फ्लेमिंगो मेले. पाणथळ वाचवा म्हणणाऱ्यांना आपण पक्षीवेडे म्हणून सोडून देतो. पण मोकळ्या हवेत पुन्हा श्वास घ्यायला शिकणाऱ्या एखाद्या मुलीची ती जवळची, फुकटातली जागा असते. ती बुजली तर तिला फक्त मॉल उरतो.

तुमच्या ग्रुपमध्ये, वर्गात किंवा बिल्डिंगमध्ये ट्रीटमेंट संपवून परतलेलं कुणी असेल तर 'आता कसं वाटतंय?' हा प्रश्न एक दिवस बाजूला ठेवा. डॉक्टरांचा होकार आहे ना, एवढं पाहा आणि सरळ विचारा, 'रविवारी भरती सातला आहे. येतेस?'