नाशकाला भुतं नकोत!

मंडळी, परवा एक मित्र म्हणाला, "शनिवारवाड्याच्या भुतावर पुणं किती चालतं बघ! आपणही जुन्या नाशकात रात्रीचा घोस्ट वॉक काढू. पब्लिक तुटून पडेल."

पडेल की! पण शनिवारवाड्याचं काय झालं? ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी १८ वर्षांच्या नारायणरावांना मारलं. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून खुद्द राघोबादादांना दोषी ठरवलं. आता लोकांना आठवते ती फक्त "काका मला वाचवा" ही किंकाळी. रामशास्त्री गायब!

आणि आपल्या आनंदवल्लीचं नाव राघोबादादांच्या पत्नीवरून. उद्या तिथे आनंदीबाईंची हडळ उभी कराल. 'ध चा मा' आधीच त्या बाईला चिकटवलाय, ठोस पुरावा कुठाय? बाई म्हटलं की चेटकीण करायला आपल्याला वेळ लागत नाही. असो.

रात्रीच फिरवायचंय ना? मग विजयानंद थिएटरपाशी थांबा. २१ डिसेंबर १९०९ ला तिथे 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. पोरगं १८ वर्षांचं, १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलं. ते सगळं नीट सांगा, किंकाळ्यांच्या टेपशिवाय. पहिलं तिकीट मी काढतो.