अनामत परत मिळालीच पाहिजे

२०२५च्या गणेशोत्सवाआधी मुंबई महापालिकेने मंडपासाठी रस्त्यात खणलेल्या प्रत्येक खड्ड्यामागचा दंड २ हजारांवरून १५ हजार रुपये केला आणि मंडळांच्या विरोधानंतर तो पुन्हा २ हजारांवर आणला. रस्ता सर्वांचा आहे. तो उखडणाऱ्याने भरपाई द्यावी, हे रास्तच. पण दर ऐन उत्सवाच्या तोंडावर ठरू नयेत.

दंडाइतकाच प्रश्न सार्वजनिक जागेसाठी भरायच्या शुल्काचा आणि अनामतीचाही आहे. शुल्क हा परवानगीचा खर्च, तर अनामत ही आयोजकांची ठेव. जागा पूर्ववत केल्यावर पाहणी करून ठरलेल्या मुदतीत ती थेट बँक खात्यात परत यावी. कापली, तर लेखी कारण द्यावे. मोठ्या मंडळांमागे प्रायोजक असतात; अडकलेली अनामत त्यांना झेपते. गल्लीतले वाचनालय मात्र वर्गणीवर चालते. त्याच्या व्याख्यानमालेला मैदान परवडले, तरच शहराचे सार्वजनिक जीवन टिकेल.