बुडालेला आणि बुडवणारा

कापडाच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या आम्हा लोकांना मंदी नवी नाही. सुताचे भाव चढतात, मालाला उठाव राहत नाही, वायदा चुकतो आणि बाजारात एकच शिक्का बसतो: 'बुडाला'. पण बुडालेला आणि बुडवणारा यांत काही फरक आहे की नाही?

अमेरिकेचे उदाहरण घ्या. तेथे सरकारी गुपिते हाताळणाऱ्यास सुरक्षा परवानगी लागते. त्यासाठी जुनी थकबाकी, दिवाळखोरी, राहिलेला कर सारे तपासतात. कारणही तसेच आहे. सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स कर्जात अडकला आणि १९८५ मध्ये ५०,००० डॉलरसाठी त्याने सोव्हिएत संघाला गुपिते विकली. १९९४ मध्ये तो पकडला गेला.

तरीही २०१७ मध्ये तेथे लागू झालेली नियमावली कर्जदाराला सरसकट बाद करीत नाही. नोकरी गेली, धंदा बसला, आजारपण आले म्हणून कर्ज झाले काय आणि नंतर माणूस जबाबदारीने वागला काय, हे पाहतात. हप्ते ठरवून तो फेडीत असेल तर ते त्याच्या बाजूने धरतात. कर्ज जाणूनबुजून लपविले तर मात्र तो वेगळा दोष ठरतो.

देशाच्या गुपितांबाबत एवढा विचार होतो, तर आमच्या पेठेत का होऊ नये? व्यापारी बंधूंनो, अडचण आली तर दुकान बंद करून गायब होऊ नका. ज्यांचे देणे आहे त्यांच्यासमोर वही उघडा, हप्ता ठरवा. आणि घेणेकऱ्यांनीही शिक्का मारण्याआधी ती वही वाचावी.