शब्दांची सोयरीक

परीक्षा कोण देतो आणि कोण घेतो? मराठीत उत्तर सरळ आहे : विद्यार्थी देतो, शिक्षक घेतात. इंग्रजीत हीच क्रियापदे नेमकी उलटतात. तेथे शिक्षक परीक्षा 'गिव्ह' करतात आणि विद्यार्थी ती 'टेक' करतो. आपल्या विद्यार्थ्याने 'आय गेव्ह अॅन एक्झाम' असे लिहिले, की आम्ही शिक्षक खाली लाल रेघ ओढतो. कारण मात्र सांगत नाही. विद्यार्थी समजतो, आपले व्याकरण कच्चे आहे. वस्तुतः व्याकरण निर्दोष असते. बिनसलेली असते ती शब्दांची सोयरीक.

या सोयरिकीला जे. आर. फर्थ यांनी १९५०च्या दशकात 'कोलोकेशन' या नावाने अर्थविचारात मानाचे स्थान दिले. शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून, असे त्यांचे प्रतिपादन होते. इंग्रजीत पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग'. चहाही 'स्ट्राँग', पण 'पॉवरफुल' नव्हे; तो मान इंजिनाचा. यामागे तर्क शोधू नये. ही रूढी आहे.

आमच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. पाऊस मुसळधार आणि वारा सोसाट्याचा, झोप गाढ आणि शक्यता दाट, हे त्याला कोणत्याही यादीतून पाठ करावे लागले नाही. 'मुसळधार वारा' ऐकताच त्याला हसू येते. इंग्रजीच्या तासाला आपण या जाणिवेला दाराबाहेर उभे करतो आणि हातात शब्दार्थांची यादी देतो, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

जोड्यांचीच यादी दिली तरी भागत नाही, कारण वाक्यात शिरताच जोडी रूप पालटते. 'हेवी रेन'चे क्रियापद झाले, की 'इट रेन्ड हेविली'. पण 'स्ट्राँग विंड'चे 'द विंड ब्लू हार्ड' होते. यादीत 'कॉज' म्हणजे 'घडवून आणणे'. वाक्ये वाचत गेले, की ध्यानात येते, या क्रियापदामागे बहुधा नुकसान, अपघात, आजार अशी अनिष्टांचीच रांग असते. 'हर सक्सेस कॉज्ड जॉय' व्याकरणात बसते, कानाला मात्र खटकते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. 'टेक अ डिसिजन' हे 'निर्णय घेणे'चे भाषांतर समजून आम्ही ते वर्षानुवर्षे खोडत आलो. 'मेक' अधिक प्रचलित खरे. परंतु ब्रिटिश इंग्रजीत 'टेक'ही शिष्टसंमत आहे, हे कोश उघडल्यावर कळले. ज्यांचे गुण कापले, त्यांच्या उत्तरपत्रिका आता परत मागवता येत नाहीत.

हा प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा नव्हे, साहित्याचाही आहे. डिलन टॉमस यांच्या एका कवितेचे शीर्षक 'अ ग्रीफ अगो' असे आहे. 'अगो'शी सोयरीक असते ती दिवस, महिना, वर्ष या कालवाचकांची. तेथे कवीने दुःख आणून बसवले आणि दुःखच काळ मोजण्याचे माप झाले. ज्याच्या कानात 'अ यिअर अगो' मुरलेले नाही, त्याला ही मोडतोड ऐकूच येणार नाही; तो 'ग्रीफ म्हणजे दुःख' एवढे लिहून पुढे जाईल. रूढी ठाऊक नसलेल्याला बंडही कळत नाही.

म्हणून लाल रेघ ओढण्यापूर्वी आपण कोश उघडावा, आणि ओढल्यावर तिच्याशेजारी एक पूर्ण वाक्य लिहावे, एवढेच आमचे मागणे आहे.