राख एकच, घड्याळे दोन

मराठीत राख, कन्नडमध्ये बूदी. आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांत आजी एक शब्द वापरते आणि अज्जी दुसरा, पण चुलीतली मूठभर राख घेऊन तांब्यापितळेची भांडी घासायची रीत दोघींची एकच. आज जिच्याविषयी लिहायचे आहे ती राख मात्र लाकडाची किंवा गोवऱ्यांची नव्हे. ज्वालामुखीची राख म्हणजे जळून उरलेले काही नसतेच. वायूंनी फसफसलेला शिलारस एकदम वर उसळतो, त्यातले बुडबुडे फुटतात आणि त्या बुडबुड्यांच्या भिंती हवेतच थंड होऊन त्यांची काच बनते. सूक्ष्मदर्शकाखाली ही राख फुटलेल्या बांगड्यांच्या तुकड्यांसारखी दिसते.

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर टोबा नावाचे सरोवर आहे. लांबी सुमारे १०० किलोमीटर, रुंदी ३०. चित्रात पाहिले तर निळेशार, शांत पाणी. पण हे सरोवर म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीचे खचलेले तोंड आहे. तिथला शेवटचा महाउद्रेक सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वी झाला. त्यात २,८०० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला असावा, असा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. राख वाऱ्यावर पश्चिमेकडे निघाली. बंगालच्या उपसागरात पडली, भारताच्या भूमीवर पडली आणि पार अरबी समुद्रापर्यंत गेली. गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रगाळातूनही टोबाचे काचकण शोधून काढले आहेत.

आता घरातले एखादे चौकस पोर विचारील, ‘७५ हजार वर्षे झाली हे कुणी मोजले?’ प्रश्न अगदी रास्त आहे, आणि वाचकहो, तो नुसत्या कुतूहलाचा नाही. त्याच्या उत्तरावर आपल्याच मुलखातल्या आदिमानवाचे वय ठरते.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी नावाचे गाव आहे. कुकडी घोडनदीला मिळते, घोड भीमेला, आणि भीमा पुढे विजापूर-कलबुर्गीच्या मुलखातून जाऊन कृष्णेला. या बोरीच्या नदीकाठच्या गाळात पांढरट राखेचा थर सापडला आणि त्याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारेही. राखेचे वय कळले की हत्यारांचे वय कळणार. १९८९ मध्ये पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने पहिले वय जाहीर झाले : सुमारे १४ लाख वर्षे. १९९५ मध्ये सुधारित आर्गॉन पद्धतीने दुसरे आले : सुमारे ६ लाख ७० हजार. आणि त्याच १९९५ साली काही शास्त्रज्ञांनी राखेच्या काचेतली मूलद्रव्ये तपासून सांगितले की ही तर टोबाच्या शेवटच्या उद्रेकाची राख, म्हणजे वय ७५ हजार! गंमत म्हणजे पुरातत्त्वज्ञ रवी कोरिशेट्टर यांचे नाव १४ लाखांच्या निबंधावरही आहे आणि ७५ हजारांच्या निबंधावरही. मला यात विसंगती दिसत नाही. पुरावा बदलला की मत बदलावे, हे बोलायला सोपे असते. इथे ते छापून आलेले आहे.

पण एकाच राखेची तीन वये कशी निघतात? त्यासाठी आर्गॉनचे घड्याळ कसे चालते ते पाहू.

पोटॅशियम आपल्या ओळखीचे. केळ्यात असते, खतातही असते. त्याच्या दर लाख अणूंतले साधारण १२ अणू किरणोत्सारी असतात. त्यांना पोटॅशियम-४० म्हणतात. हे अणू फार सावकाश फुटतात. निम्मे संपायला १२५ कोटी वर्षे लागतात. फुटलेल्या अणूंपैकी बहुतेकांचे कॅल्शियम होते, आणि दहातल्या जेमतेम एकाचा आर्गॉन वायू. शिलारस तापलेला असताना हा वायू निसटून जातो. खडा थंड होऊन घट्ट झाला की मात्र आत जन्मलेला आर्गॉन आतच कोंडला जातो. तेव्हा कोंडलेला आर्गॉन मोजायचा, शिल्लक पोटॅशियम मोजायचे आणि भागाकार करायचा. १९६६ मध्ये मेरिहू आणि टर्नर या दोघांनी त्यात मोठी सुधारणा केली. खडा आधी अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवायचा. त्यामुळे त्यातल्या साध्या पोटॅशियमच्या काही अणूंचे आर्गॉन-३९ होते. मग दोन्ही आर्गॉन त्याच खड्यातून, एकाच यंत्रात मोजता येतात.

घड्याळ किती नाजूक आहे याचा हिशेब करून पाहा. ७५ हजार वर्षांत पोटॅशियम-४० च्या दहा लाख अणूंपैकी फुटतात फक्त ४२ च्या आसपास, आणि त्यातून आर्गॉन होतात चार-पाच. शिवाय आपण श्वास घेतो त्या हवेतही जवळजवळ एक टक्का आर्गॉन आहेच. तो खड्याला चिकटलेला असतो, तोही वजा करायचा. तरीही हात साधला तर हे घड्याळ चोख चालते. इटलीतला व्हेसुव्हियस इसवी सन ७९ मध्ये फुटला, हे लिखित इतिहासातले साल आहे. १९९७ मध्ये त्याच्या दगडातल्या सॅनिडिन नावाच्या स्फटिकांचे वय आर्गॉनने मोजले, ते आले १,९२५ वर्षे, चूक अधिक-उणे ९४. खरे अंतर होते १,९१८. याहून बरी परीक्षा कोणती?

मग बोरीला काय अडचण? व्हेसुव्हियसचे स्फटिक डोंगराच्या पायथ्याशीच मिळाले. टोबाहून हजारो किलोमीटर उडत येणाऱ्या राखेत जड स्फटिक वाटेतच पडून जातात, उरते ती पातळ काच. काच पाणी शोषते, तिच्यातले पोटॅशियम हलते, वायू गळतो. त्यातून ती नदीकाठी पडली की पुराच्या पाण्यात जुन्या खडकाची माती तिच्यात मिसळते. आपला सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. समजा ७५ हजार वर्षांच्या राखेत असल्या जुन्या दगडाचा शंभरात एक कण मिसळला आणि पोटॅशियम दोघांत सारखेच धरले, तर मोजलेले वय सात लाखांच्या वर जाते! हिशेब ढोबळ आहे, कारण काळ्या कातळात पोटॅशियम पुष्कळच कमी असते. बोरीला नेमके हेच घडले असाही माझा दावा नाही. पण दुधात मिठाचा एक खडा पुरतो, तशातला हा प्रकार.

म्हणून शास्त्रज्ञ समुद्राकडे वळतात. खोल समुद्राच्या तळाशी नद्यांचा पूर नाही, नांगर नाही, गुरेढोरे नाहीत. वरून सतत बारीक गाळ पडत असतो, आणि किनाऱ्यापासून दूर तो हजार वर्षांत एखाद-दोन सेंटिमीटर इतक्या संथ गतीने साचतो. जहाजावरून लांब पोकळ नळी तळात घुसवायची आणि उसाच्या कांड्यासारखा गाळाचा दंडगोल वर ओढून घ्यायचा. वरचे टोक आजचे, खालचे टोक लाखो वर्षांपूर्वीचे. मध्येच कुठेतरी राखेचा करडा पट्टा.

हा गाळ बारीक चाळणीतून धुतला की रांगोळीच्या पुडीसारखे जे उरते ते बहुतांशी कवचांचे असते. फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव समुद्राच्या पाण्यात तरंगतात, स्वतःभोवती चुन्याचे इवलेसे घर बांधतात आणि मेले की ते घर तळाशी जाते. संशोधक ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलून वेगळे करतात. तांदूळ निवडण्याची सवय असलेल्यांना हे काम चांगले जमेल, असे मला नेहमी वाटते.

ही कवचे दोन प्रकारे काळ सांगतात. पहिला प्रकार हजेरीपटासारखा आहे : कोणती जात कधी आली, कधी नाहीशी झाली. यातली एक गुलाबी जात मला फार आवडते. ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर हे तिचे अवघड नाव. तिची कवचे काही पांढरी, काही गुलाबी. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतली गुलाबी कवचे सुमारे १ लाख २० हजार वर्षांपूर्वी एकाएकी संपली, हे १९७९ मध्ये दाखवून दिले गेले. पांढरी राहिली. अटलांटिकमध्ये तर गुलाबीही आजतागायत जिवंत आहेत. तेव्हा आपल्या समुद्राच्या गाळात राखेचा पट्टा शेवटच्या गुलाबी कवचाच्या वर असेल, तर ती राख १ लाख २० हजार वर्षांहून नवी. तिथे यंत्र लागत नाही, नजर पुरते.

दुसरा प्रकार अधिक बारकाईचा. कवचाच्या चुन्यात ऑक्सिजन असतो, हलका आणि जड अशा दोन जातींचा. हिमयुगात समुद्रातून वाफ होऊन गेलेला हलका ऑक्सिजन उत्तरेकडच्या बर्फात अडकून पडतो, त्यामुळे समुद्राच्या पाण्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते आणि कवचांतही. म्हणजे गाळात खालून वर एकेक थर तपासत गेले की हिमयुगांची चढउतार हाती येते. ही चढउतार पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या कलातल्या फरकांशी जुळते, हे हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन या तिघांनी १९७६ मध्ये सिद्ध केले. ग्रहगती गणिताने मागे मोजता येते. पंचांग करणारे ग्रहणे काढतात, त्याच तऱ्हेने. एवढेच की इथे हिशेब लाखो वर्षांचा.

आता दोन घड्याळे समोरासमोर आली. एक दगडातले, अणूंचे. दुसरे गाळातले, ग्रहगतीचे. एकमेकांशी त्यांचा काहीही संबंध नाही. १९७८ मध्ये निन्कोविच, शॅकल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती टोबासाठी लावून पाहिली. सुमात्रावरच्या टोबाच्या दगडातले स्फटिक पोटॅशियम-आर्गॉनने मोजले, उत्तर सुमारे ७५ हजार. ‘रॉबर्ट कॉन्राड’ या जहाजाने हिंदी महासागरातून काढलेल्या गाळात टोबाच्या राखेच्या आजूबाजूची कवचे तपासली, तर राख बरोबर त्या जागी निघाली जिथे उबदार काळ संपून थंडी वाढू लागते. तिथला काळही ७० ते ७५ हजारांच्या घरात. पुढे २०१२ मध्ये मलेशियातल्या लेंगॉंगच्या टोबा राखेतल्या सॅनिडिनचे वय ७३,८८० आले, तर २०१४ मध्ये दुसऱ्या गटाचे ७५ हजार. उरला फरक हजार वर्षांचा!

दरवेळी दगडाचेच घड्याळ बरोबर निघते असेही नाही. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव शेवटचे कायमचे उलटले ते पोटॅशियम-आर्गॉनच्या मते ७ लाख ३० हजार वर्षांपूर्वी, असे पाठ्यपुस्तकात होते. १९९० मध्ये शॅकल्टन आणि सहकाऱ्यांनी पूर्व पॅसिफिकच्या गाळातील कवचे मोजून सांगितले, ‘तुमचे घड्याळ मागे आहे, ७ लाख ८० हजार हवे.’ दगडवाल्यांनी सुधारित आर्गॉन पद्धतीने पुन्हा मोजले आणि १९९२ पर्यंत कबूल केले.

समुद्राच्या गाळात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती बोरीच्या वादाला थेट भिडते. बंगालच्या उपसागराच्या दक्षिणेला, समुद्राखालच्या नव्वद पूर्व नावाच्या डोंगररांगेवर १९८८ मध्ये ७५८ क्रमांकाचे छिद्र पाडले गेले. त्यात टोबाची राख एकदा नाही, अनेकदा आढळते. एक थर त्या चुंबकीय उलथापालथीच्या किंचित खाली आहे, वय सुमारे ७ लाख ८५ हजार. म्हणजे टोबाने आधीही इतक्या दूर राख फेकली होती. तेव्हा बोरीची राख जुनी आहे असे म्हणणारे काही हवेत बोलत नव्हते. १९९८ मध्ये वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी भारतीय द्वीपकल्पातली सगळीच टोबा राख ७५ हजारांची असल्याचे काचेच्या रसायनावरून मांडले. २०११ मध्ये दुसऱ्यांनी आर्गॉन पुन्हा मोजून बोरीची राख जुन्या उद्रेकाची ठरवली. माझा कल रसायनाकडे आहे. नदीकाठच्या मिसळलेल्या राखेत आर्गॉन फसू शकतो, काचेची घडण फसणे अवघड. पण नदीचा काठ म्हणजे समुद्राचा तळ नव्हे. बोरीच्या राखेच्या वर-खाली गुलाबी कवचे नाहीत, आणि तिथे दुसरे घड्याळ लावायला जागाच अपुरी आहे.

आंध्र प्रदेशातल्या ज्वालापुरमला, पूर्वीच्या कर्नूल जिल्ह्यात, ती जागा मिळाली. तिथे जुरेरू नदीच्या खोऱ्यात टोबाच्या राखेचा जाड थर आहे. मायकेल पेट्राग्लिया, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे कोरिशेट्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे खणून २००७ मध्ये निष्कर्ष छापले. राखेच्या खालच्या वाळूचे वय त्यांनी आर्गॉनने मोजलेच नाही. वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला, हे सांगणारी वेगळी पद्धत वापरली. खाली आले ७७ हजार, वर ७४ हजार. आणि दगडी हत्यारे राखेच्या खालीही होती, वरही होती, जवळजवळ त्याच घडणीची.